वडिलांच्या वर्कशॉपमधलं भंगार: काट्यावर घालायचं की त्यातून काही घडवायचं?

उद्यमनगरी

नमस्कार. इथे बरीच वर्षं फक्त वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि मागे पत्र्याची शेड. आण्णांनी (माझे वडील) तिथे अडतीस वर्षं ऑइल इंजिनांचे सुटे भाग केले, इंजिनं खोलली, जोडली. पाच हॉर्स, आठ हॉर्स, दहा हॉर्स. विहिरींवरच्या आणि नदीकाठच्या त्या इंजिनांचा ठोका ऐकत आम्ही मोठे झालो. पुढे शेतात वीज आली, मोटारी बसल्या, काम आटत गेलं. आता आण्णांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे गाळा रिकामा करून द्यायचं ठरलं आहे. लेथना गिऱ्हाईक मिळालं. प्रश्न आहे तो मागच्या शेडचा.

तिथे अंदाजे दीड टन माल पडून आहे. रॉकर (इंजिनाचा व्हॉल्व दाबणारा तरफेसारखा तुकडा), पुशरॉड (त्या रॉकरला ढकलणारी सळई), व्हॉल्व, कनेक्टिंग रॉड, पिस्टन रिंगांची तेलकट पुडकी, गव्हर्नरची वजनं, दोन फुटी फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक), शिवाय कुणीतरी ठेवायला दिलेल्या आणि परत न नेलेल्या ट्रकच्या कमानपट्ट्या (स्प्रिंगच्या पट्ट्या). गेल्या आठवड्यात भंगारवाले मामा येऊन गेले. पायानं ढीग सरकवत "हे बीड, हे लोखंड, हे मिक्स" (बीड म्हणजे ओतीव लोखंड) असं बोलले आणि दर सांगितला. दर योग्यच होता, त्यांच्याविषयी काही तक्रार नाही. पण नंतर दोन दिवस आण्णा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

परवा शेड आवरताना एक रॉकर हातात आला. मधे भोक, एक टोक बाकदार. उजेडाकडे धरला आणि मला थेट पक्ष्याचं डोकं दिसलं. भोक म्हणजे डोळा, बाक म्हणजे चोच. रंकाळ्यावर सकाळी पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, तसा. मग पुशरॉड पिसांसारखे दिसायला लागले, रिंगा छातीवरच्या पिसांसारख्या. रात्री झोप आली नाही.

मी बँकेत नोकरी करते. लहानपणापासून वर्कशॉपमध्ये वावरले आहे, पण वेल्डिंग कधी केलेलं नाही. मला हा पाणकावळा करायचाच आहे. कुठून सुरुवात करू? कुणी भंगारातून शिल्पं केली असतील तर कृपया सविस्तर लिहा.

ठिणगी

ताई, सगळं काट्यावर घालू नका. आधी दोन दिवस नुसतं निवडत बसा.

मी भोसरीत फॅब्रिकेशन करतो, गेली नऊ वर्षं रविवारी भंगारातली कामं करतो. नवशिक्यांची पहिली चूक ठरलेली असते. दिसायला सगळं लोखंड म्हणून सगळं एकमेकांना चिकटवायला जातात. तुमच्या ढिगात निदान चार वेगवेगळे धातू आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत.

ओळखायची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरला लावून ठिणगी बघायची. साध्या मऊ लोखंडाची ठिणगी लांब, पिवळसर, सरळ रेघेची निघते. कमानपट्टी लावलीत तर रेघेच्या टोकाला भरपूर फुलं फुटतात, फुलबाजीसारखी, कारण तिच्यात कार्बन जास्त. बिडाची ठिणगी आखूड आणि लालसर. ॲल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मन, ठिणगीच देत नाही. (ते दगडावर घासूही नका, दगड भरून जातो.) प्रत्येक ढिगाला खडूनं खूण करा.

आता तुमच्या पक्ष्याबद्दल. फ्लायव्हील बिडाचं असणार आणि तुम्हाला ते बैठकीसाठी वापरावंसं वाटणार. वापरा, पण त्याला थेट वेल्डिंग मारू नका. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो. टाका मारला की शेजारचा भाग झटक्यानं गार होऊन कडक होतो आणि 'टिंग' असा आवाज येऊन चीर जाते. आख्खं फ्लायव्हील तापवून, निकेलचा रॉड वापरून, नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश गार केलं तर जमतं, पण ते पहिल्याच कामाला नको. भोकं पाडा, आटे पाडा, बोल्टनं कसा. पिस्टन रिंगाही बिडाच्याच, शिवाय ठिसूळ. त्या वेल्ड न करता सळईत ओवा किंवा पितळेनं ब्रेझिंग करून घ्या. पुशरॉड आणि कनेक्टिंग रॉड पोलादी असतात, त्यांना टाका धरतो. फक्त त्यांची टोकं कडक केलेली असतात, टाका मधल्या भागावर घ्या.

आता जिवाचं सांगतो, हे नीट वाचा.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप तसाच वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि आर्क त्याच्या कितीतरी पुढे असतो. पांढरा धूर निघतो. मी पहिल्या नोकरीत बंद खोलीत दिवसभर असे पाइप जोडले. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, तोंडाला गोडसर धातूची चव, अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी उतरला. साहेबांनी गूळ खायला सांगितला होता. गुळानं काही होत नाही. मुलामा घासून काढायचा, उघड्यावर काम करायचं आणि धुराचा मास्क लावायचा. क्रोम चढवलेल्या भागांचा धूर याहून वाईट, त्यानं कॅन्सर होऊ शकतो. ते भाग बोल्टनंच जोडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो जाळू नका.

बंद पोकळ वस्तू कधीही तापवायची नाही. शॉकॲब्सॉर्बर, पेट्रोलची टाकी, झाकण लावलेला बॅरल. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा आतल्या वाफेनं फुटते. आणि क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटनं ग्रीस पुसून लगेच आर्क मारू नका, त्यातून फॉस्जीन वायू तयार होतो. धुण्याचा सोडा आणि गरम पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा.

डोळ्यांना हातात धरायची काच न वापरता डोक्यावरचं हेल्मेट घ्या, दहा किंवा अकरा नंबरची काच. आर्क नुसता शेजारून पाहिला तरी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. तसं झालं तर बटाट्याचे काप ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

शिल्परेषा

मी चित्रकलेचा शिक्षक, आता निवृत्त. उद्यमनगरी, तुम्ही रॉकर उजेडाकडे धरलात आणि त्यात डोकं दिसलं, तिथेच या कामाचा अवघड भाग पार पडला. टाका मारायला महिन्याभरात शिकता येतं.

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. बघताना आधी बैल दिसतो, मग सीट दिसते, मग पुन्हा बैल. दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतात. पण त्याच्या आधीची गोष्ट तुमच्यासाठी जास्त जवळची आहे. पिकासोला धातू जोडायला शिकवलं ते हुलिओ गोन्झालेझनं. गोन्झालेझ बार्सिलोनाच्या धातुकाम करणाऱ्या घरातला, आणि गॅस वेल्डिंग तो १९१८ च्या सुमारास पॅरिसजवळच्या रेनोच्या कारखान्यात शिकला. अमेरिकेतला शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९२५ च्या उन्हाळ्यात स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होता, तिथून धातू त्याच्या हातात बसला. आधुनिक शिल्पकलेतली ही सगळी शाखा कारखान्यातून आली आहे. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसानं या कामात परकं वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आपल्याकडेही मुंबईत पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनी भंगारातले तुकडे वेल्ड करून शिल्पं केली. मी विद्यार्थी असताना त्यांचं काम पाहिलं. मातीतून मूर्ती घडवायच्या शिक्षणात वाढलेल्या आम्हाला तो धक्का होता. आकार वाढत नव्हता, जोडला जात होता, आणि दोन तुकड्यांमधली रिकामी जागाही शिल्पाचा भाग होती. आदी दावियरवाला शिक्षणानं औषधनिर्माते, पण हात लाकूड, दगड आणि टाकाऊ धातूकडे वळला. बडोद्याचे राघव कनेरिया साठच्या दशकात यंत्रांचे भाग जोडून शिल्पं करत होते. ही नावं आपल्या शाळांत कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता काम. पहिल्या दिवशी टाका मारू नका. शेडमध्ये जमिनीवर खडूनं पाणकावळा पूर्ण मापात काढा. त्यावर भाग मांडा, हलवा, चार दिवस तसेच ठेवा. जाता-येता बघा. पाणकावळ्याची मान बगळ्यासारखी बारीक नसते, आणि पंख वाळवताना तो ते मागे ओढून धरत नाही, किंचित पुढे झुकवून लोंबते सोडतो. ती ढिली पडलेली रेघ सापडली तर पक्षी सापडला. पुशरॉड सरळसोट असतात, ते पंख्याच्या काड्यांसारखे लावलेत तर मोर होईल.

आणि भाग कमी वापरा. दीड टन माल आहे म्हणून दीड टन लावायचा नाही.

उद्यमनगरी

ठिणगीदादा, सर, तुम्हा दोघांचे कसे आभार मानू कळत नाही. ठिणग्यांचा प्रयोग आज केला. मी ग्राइंडर धरला होता आणि आण्णा खुर्चीवर बसून लांबूनच "बीड... पोलाद... बीड" असं सांगत होते. एकही चुकलं नाही.

एक शंका. कमानपट्ट्या पंखांच्या वरच्या कडेला हव्या आहेत, पण त्या वाकतच नाहीत. शिकंज्यात धरून नळी घालून जोर लावला तर परत सरळ होतात.

ऐरण

ताई, कमानपट्टीचं मी सांगतो.

आम्ही घिसाडी. माझे आजोबा गाड्यावर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायचे. गावाबाहेर पाल टाकायची, जमिनीत ऐरण रोवायची. आजोबा सांडशीत लोखंड धरायचे आणि आजी घण मारायची. पोरं भाता हलवायची. कोयता, कुऱ्हाड, विळा, खुरपं, सगळं जुन्या लोखंडातून. ट्रक आल्यावर कमानपट्टी मिळायला लागली आणि कोयत्याला तिच्यासारखं दुसरं लोखंड नाही. ती वाकत नाही कारण तिला परत सरळ होण्यासाठीच पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) असतं.

ते पाणी उतरवायचं. कोळशाच्या भट्टीत पट्टी लालभडक करा. लोहचुंबक लावून बघा, चिकटायचं बंद झालं की तापलं म्हणून समजा. मग बाहेर काढून कोरड्या राखेत पुरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. पाण्यात अजिबात बुडवू नका, काचेसारखी होईल. राखेतून निघाली की मऊ झालेली असते. तरी वाकवताना पुन्हा तापवूनच वाकवा, ऐरणीच्या शिंगावर, हळूहळू. आणि वेल्ड करायची असेल तर टाक्याची जागा आधी गरम करून घ्या.

एक मनातलं लिहितो. जुन्या लोखंडाचं नवं करणं ही आमच्या घरातली पिढ्यांची कमाई. त्याला आता कला म्हणतात, मला आनंदच आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका शहरात प्रदर्शनातल्या मोठ्या शिल्पाचे सगळे वाकवलेले भाग मी आणि माझ्या भावानं घडवून दिले. उद्घाटनाला गेलो तर फलकावर आमचं नाव नव्हतं. मजुरी मिळाली, त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही कुणाकडून काही घडवून घेतलंत तर त्याचं नाव लिहा, एवढंच.

शिल्परेषा

ऐरण, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ते ऐकायला हवं.

लोहाराला कलाकार म्हणून मान मिळाल्याचं एक उदाहरण हैतीतलं आहे. क्र्वा-दे-बुके या गावात जॉर्ज लिओतो नावाचा लोहार कबरस्तानासाठी लोखंडी क्रूस घडवायचा. १९५३ मध्ये पोर्तो-प्रँसच्या कलाकेंद्राचे ड्यूविट पीटर्स यांच्या नजरेला ते क्रूस पडले. त्यांनी शोध काढत त्याला गाठलं आणि मनासारखं काही घडव म्हणून सांगितलं. त्याची शिल्पं पुढे त्याच्याच नावानं जगभर गेली, आणि गावात या कामाची परंपराच उभी राहिली. पुढे तिथे तेलाचे रिकामे बॅरल वापरायला लागले. दोन्ही झाकणं काढायची, आत वाळलेलं गवत किंवा केळीची पानं भरून पेटवायची म्हणजे रंग आणि तेल जळून जातं. मग बॅरल उभा चिरायचा, ठोकून सपाट करायचा, खडूनं नक्षी काढायची आणि छिन्नी-हातोड्यानं कापायची. ना वीज, ना वेल्डिंग.

आपल्या शेजारी बस्तरमध्ये, कोंडागावकडे, लोहार हेच करतात. पूर्वी स्वतः दगडातून लोखंड गाळायचे, आता भंगारातलं लोखंड ठोकून दिवे, हरणं, माणसं घडवतात. त्यात जोड जवळजवळ दिसत नाही, एकच सळई माणूस होते.

दर्यावर्दी

मुंबईहून लिहितो. माझे काका गोदीत होते, म्हणून हा विषय मनाला लागतो.

आयएनएस विक्रांत, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली आपली विमानवाहू नौका. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहलीत मी तिच्या डेकवर उभा राहिलो आहे. २०१४ च्या शेवटी ती मुंबईतच दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतली. गॅस कटरनं कापलेली तिची बाजू मी लांबून पाहिली आणि परत फिरलो, पुढे जाववलं नाही.

त्या धातूतला थोडा भाग बजाजनं घेतला आणि 'व्ही' या मोटरसायकलच्या टाकीत वापरला. आणि २०१६ च्या जानेवारीत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिच्याच धातूतून केलेलं स्मारक उभं राहिलं, शिल्पकार अर्झान खंबाटा. तिथून जाताना मी दर वेळी थांबतो. शिल्प म्हणून ते कसं आहे हे सरांसारख्यांनी सांगावं. माझ्यासाठी तो धातू कुठून आला हेच सर्वकाही आहे. तोच आकार बाजारातून आणलेल्या नव्या पत्र्यात केला असता तर मी थांबलो नसतो.

उद्यमनगरी, तुमच्या मालाचंही तसंच आहे. कुठला भाग कुठल्या इंजिनातून निघाला हे तुमच्या वडिलांना माहीत असेल. विचारून ठेवा.

थेम्सकाठ

दर्यावर्दींच्या मुद्द्याला जोडून. मी लंडनला असते. ब्रिटिश म्युझियममध्ये एक खुर्ची आहे, पूर्ण बंदुकांची. पाठ, हात, पाय सगळं एके-४७ आणि इतर रायफलींचे तुकडे. मोझांबिकचं यादवी युद्ध १९९२ मध्ये संपलं, तेव्हा देशात लाखो शस्त्रं पुरलेली, लपवलेली होती. १९९५ पासून तिथल्या ख्रिस्ती परिषदेनं एक उपक्रम चालवला. शस्त्र आणून द्या आणि बदल्यात कुदळ, सायकल किंवा शिवणयंत्र घेऊन जा. ती शस्त्रं निकामी करून कापली आणि कलाकारांना दिली. ही खुर्ची २००१ मध्ये क्रिस्टोव्हाओ कान्यावातो ऊर्फ केस्टर यांनी केली.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाठीच्या वरच्या बाजूला रायफलीच्या दस्त्यावरची स्क्रूची भोकं आणि खाच दिसली. दोन डोळे आणि तोंड, हसल्यासारखं. शिल्पकारानं ते कोरलेलं नाही, तिथे होतंच. तुमच्या रॉकरच्या भोकाबद्दल वाचलं आणि तीच खाच आठवली.

रस्त्यालगत

मला थोडं वेगळं मांडायचं आहे, राग मानू नये.

दिल्लीत सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये 'वेस्ट टू वंडर' नावाचं उद्यान झालं. सुमारे १५० टन भंगार वापरून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती केल्या. ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरे. मुलांना घेऊन गेलो, मुलं खूश. मला मात्र हुरहूर लागून राहिली. इतका माल, इतके कष्ट, आणि शेवटी ज्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत तेच पुन्हा. आता बऱ्याच शहरांत चौकाचौकांत नटबोल्टचे सिंह आणि घोडे दिसतात. पहिल्या पावसाळ्यात गंज ओघळतो, दुसऱ्या वर्षी त्यावर सोनेरी रंग फासतात. सोनेरी रंग लावल्यावर नट काय आणि प्लास्टर काय.

भंगाराचं शिल्प म्हटलं की त्याची निगा कोण राखणार हेही आधी ठरायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ठिणगी

रंगाबाबत शंभर टक्के सहमत. पण त्या उद्यानाविषयी एक सांगू? माझा पुतण्या तिथे टॉवरचे पाय मोजत नव्हता. तो "काका, ही सायकलची चेन, हे गाडीचं चाक" असं दाखवत फिरत होता. ज्या वस्तू आपण फेकतो त्या तो ओळखत होता. प्रतिकृती असली तरी तेवढं काम तिनं केलं.

खारं_वारं

मालवणजवळ राहतो. आमच्याकडे गेटसुद्धा चार वर्षांत खाऊन जातं, शिल्प कुठलं टिकायला. खाऱ्या हवेत लोखंडाला काय लावायचं ते कुणी सांगेल का? रंगानं भाग झाकून टाकायचे नाहीत.

बाळहिरडा

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला. घरात हिरडा गोळा करून वाळवायचं काम लहानपणापासून पाहिलं. हिरड्यात टॅनिन भरपूर, म्हणून तो कातडी कमावायला जातो, आणि पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळी शाई व्हायची. शाईतली तीच क्रिया गंजावरही चालते. टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळा थर तयार होतो, आणि तो थर गंजासारखा सुटत नाही.

मी असं करतो. सुटणारा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण काढायचा, धरून बसलेला राहू द्यायचा. तेल-ग्रीस धुऊन टाकायचं. मूठभर हिरडा कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा (प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही), सकाळी स्टीलच्या पातेल्यात आटवून अर्धा करायचा, गाळायचा. ब्रशनं दोन हात द्यायचे, मधे वाळू द्यायचं. बघता बघता तांबूस रंग काळा होतो. फार सुंदर काळा, रंगाच्या डब्यात मिळत नाही. वरून जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं किंवा मेण.

घरात, पडवीत ठेवायच्या वस्तूला हे पुरतं. उघड्या पावसात पुरणार नाही. आणि खारं_वारं, मालवणला तर नाहीच. मीठ गंजाच्या आत शिरून बसलेलं असतं, ते आधी गोड्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन काढावं लागेल आणि वर चांगला पारदर्शक लेप द्यावा लागेल, तोही दर दोन वर्षांनी.

पाणकावळ्याला हा काळा शोभेल असं वाटतं.

उद्यमनगरी

तीन महिन्यांनी लिहिते आहे, उशीर झाला, माफ करा.

पक्षी उभा आहे. उंची साडेतीन फूट, पंखांचा पसारा पाच फूट. सरांनी सांगितल्याप्रमाणे जमिनीवर खडूनं काढला आणि अकरा दिवस नुसता मांडत होते. आधी छप्पन्न पुशरॉड लावले होते, शेवटी बावीस राहिले. कमानपट्ट्या राखेत मऊ करून दोन गावं पलीकडच्या लोहारकाकांकडे वाकवून घेतल्या. बैठकीवर त्यांचं नाव आहे, त्यांनी स्वतः शुद्धलेखन तपासून दिलं. वेल्डिंग मी शेजारच्या गाळ्यातल्या दादांकडून शिकले. माझे पहिले टाके चिमणीनं शिटल्यासारखे होते, ते तिथेच, मागच्या बाजूला ठेवले आहेत.

फ्लायव्हीलला भोकं पाडायच्या दिवशी मी ड्रिलवर पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले. तेव्हा आण्णा उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मशीनजवळ आले. "बिडाला पाणी लावू नगंस. कोरडंच पाड. त्याच्या पोटात ग्राफाइट आसतंय." मग मला बाजूला करून चारही भोकं त्यांनीच पाडली, आटेही त्यांनीच पाडले. मला फक्त भुकटी ब्रशनं झाडायला ठेवलं.

डोकं बसवलं त्या संध्याकाळी ते पक्ष्याभोवती एक फेरी मारून आले. मानेजवळ थांबले. मी डोक्याला एक रॉकर आणि मानेच्या वळणाला दुसरा वापरला होता. म्हणाले, "ह्यो आठाचा, आनि ह्यो पाचाचा. दोन येगळ्या इंजिनांचं एकाच पाखराला कसं लावलंस?" मला वाटलं आता काढायला सांगतात. त्यांनी मानेचा रॉकर हातानं चाचपला आणि म्हणाले, "पाचाचा शिरोळचा हाय. म्हापुरात बुडालेलं इंजिन. आठाचा गडहिंग्लजचा."

दर्यावर्दी, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. त्यांना सगळं आठवतं. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक पुशरॉडवर खडूनं गावाचं नाव लिहीत गेले. काही रॉडवर बराच वेळ थांबायचे. तीन कोरे ठेवले.

हिरड्याचा हात दिला असता तर खडू पुसला गेला असता. म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका काकांना घरी बोलावलं. ते आपलं छोटं मशीन घेऊन आले, पंखाखाली मांडी घालून बसले आणि सवयीनं विचारलं, "कुणाचं नाव घालायचं? आनि तारीख?" आण्णांनी पहिल्या रॉडवर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. शिरोळ. नृसिंहवाडी. कागल. मुरगूड. संध्याकाळी लाइट गेली तेव्हा एकोणीस गावं झाली होती.